पदराखालचा हात

हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात माझ्या शिलाई मशीनसमोर बसून बायका काय काय सांगून जातात! ब्लाऊजचं माप देता देता सासूचं, जावेचं, नवऱ्याचं, सगळं ओतून मोकळ्या होतात. मी ऐकते, दोरा दातानं तोडते, आणि एकीचं दुसरीला सांगत नाही. गावात माझी तशी ख्याती आहे. पण माझी स्वतःची एक गोष्ट आहे, ती मी आजवर कुणाला सांगितली नाही. नवऱ्याला नाही. आईला पण नाही — आणि आईपासून मी जन्मात काही लपवलं होतं का? आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच काहून, ते विचारू नका.

कुठून धरावं तेच कळत नाही. गौरीपासून धरते.

गौरी माझी लेक, एकुलती. तेव्हा नऊ वर्षांची होती. डॉक्टर स्वमग्न म्हणतात. गाव काय म्हणतं ते मी तोंडातून काढणार नाही, माझं डोकं फिरतं. दिसायला इतकी गोड की एसटीत बायका गाल ओढायला जातात, आणि ती किंचाळली की माझ्याकडं असं बघतात जसं मीच तिला चिमटा काढला. मिक्सर लागला, कुकरची शिट्टी झाली, की कान दाबून खाली बसते. बोलणं म्हणाल तर चार-पाच शब्द, ते पण तिच्या मर्जीनं. एक गोष्ट मात्र तिला लई आवडायची — डोक्यावर माझा तळहात. गोंजारायचं नाही, नुसता दाबून ठेवायचा. तसा ठेवला की तिचा श्वास खाली बसायचा. घाबरली की स्वतः यायची, माझं मनगट धरायची आणि हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवून घ्यायची. "आई" असं ती मला कधी म्हणाली नाही. पण तिनं मनगट धरलं की मला हाक मारल्यासारखंच वाटायचं.

त्या हाताच्या बळावर मी तिला नाव सांगायला शिकवलं. आठ महिने लागले. "नाव काय?" विचारायचं आणि थांबायचं. मग मीच म्हणायचं, गौरी. परत विचारायचं. तिनं नुसतं "ग" म्हटलं तरी हात डोक्यावर. मग "गौ". एका दुपारी मी साडीला पिको करत होते, सहज विचारलं, आणि मागून आवाज आला, "गौरी." मी मशीन तशीच टाकून उठले. दोन्ही हात ठेवले तिच्या डोक्यावर! ती हसली — माझ्याकडं न बघता, पण हसली. त्या दिवशी मी शेजारीपाजारी साखर वाटली.

आता सर्टिफिकेटचं. शाळेत गौरी मागच्या भिंतीला टेकून दिवसभर पंखा बघत बसायची. सर वाईट नव्हते, पण एका वर्गात एवढी पोरं, ते तरी काय करणार? ते म्हणाले, अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणा, चाळीस टक्क्यांच्या वरचं. ते असलं की यादीत नाव लागतं. यादीत नाव असलं की अशा लेकरांना शिकवणाऱ्या मॅडम आठवड्यातून एकदा शाळेत येतात, त्या तिच्याजवळ बसतील. हिंगोलीला थेरपीला न्यायचं तर एसटीत तिला आणि सोबतच्या माणसाला सवलत. कागद नसला तर सरकारच्या लेखी गौरी धडधाकट, बसू द्या भिंतीला टेकून.

म्हणून तपासणीला नेलं. आमच्याकडं साहेबापुढं जायचं म्हणजे नीटनेटकं जायचं. तहसीलला एक शिक्का मारायला जायचं तरी माणूस पेटीतला इस्त्रीचा सदरा काढतो. मळक्या कपड्यात गेलं की दारातूनच वाटेला लावतात, हे आम्ही लहानपणापासून बघितलेलं. मी गौरीला पिवळा फ्रॉक शिवला, आतून मऊ अस्तर लावून, कुठं टोचू नये म्हणून. तेल लावून दोन वेण्या घातल्या. पोटभर वरणभात खाऊ घातला. सेनगावपर्यंत जीपमध्ये आणि पुढं एसटीत माझा हात तिच्या डोक्यावरून हलला नाही.

दवाखाना कुठला, डॉक्टर कोण, ते मी सांगणार नाही. नाव घेतलं की तुमचा राग तिकडं जाईल. तो मला इकडंच पाहिजे.

तीन तास रांगेत गौरी बसली. तीन तास! मी अभिमानानं इकडंतिकडं बघत होते. आत गेलो. डॉक्टरांनी विचारलं, बाळा, नाव काय तुझं? तिनं पंख्याकडं बघितलं, आणि परक्या माणसापुढं, जन्मात पहिल्यांदा, लख्ख म्हणाली, "गौरी." माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. हात ठेवला तिच्या डोक्यावर. डॉक्टर हसले, म्हणाले, छान बोलते की, शांत पण आहे. मला दोन-चार प्रश्न, कागदावर खरडलं, पुढचा नंबर.

कागद हातात आला, त्यावर तीस टक्के.

दगा, दुसरा शब्द सुचला नाही मला. लेकराला शिकवा म्हणता, घरी मेहनत घ्या म्हणता. मी घेतली ना? मग ती एक शब्द बोलली म्हणून टक्के कापून घेता? आठ महिने राबून मीच माझ्या लेकराच्या पायावर धोंडा घातला का? बाहेर व्हरांड्यात मी कागद घेऊन नुसती उभी होते. तिथं पुसेगावकडचा एक माणूस होता, खांद्यावर त्याची पोरगी, मान टाकून. त्यानं गौरीच्या फ्रॉककडं बघितलं.

"ताई, पोरीला तपासणीला आणलं का लग्नाला? इथं जे दिसतंय तेच लिहितेत. फेरतपासणी मागा, अन् त्या दिवशी तिला हाय तशी आणा."

हाय तशी, एवढंच म्हणाला तो बिचारा. बिघडवून आणा असं तो म्हणाला नव्हता. ते माझ्या डोक्यातून निघालं.

फेरतपासणीची तारीख आली. त्या सकाळी मी तिला विंचरलं नाही. चहा नाही, भात नाही. तिनं भाताच्या पातेल्याजवळ मला ओढत नेलं, मी पातेलं फळीवर ठेवून दिलं. आणि कपडे — माझी नणंद बाजारातून एक फ्रॉक घेऊन आली होती, गळ्याला जाळी, जाळीला जरीची शिवण. एकदाच घातला होता तेव्हा गौरीनं मान ओरबाडून घेतली होती. तो काढला. शिवणकाम करते मी, कुठली शिवण लेकराच्या मानेला टोचते ते मला नाही कळणार तर कुणाला? कळूनच घातला.

संपलं असं वाटलं ना तुम्हाला? मला पण वाटतंय की इथंच थांबावं. एवढं तर मी कधीतरी गौरीच्या बाबांना पण सांगून टाकलं असतं, आणि ते म्हणाले असते, जाऊ दे, कागदासाठीच केलंस ना. पण पुढचं — पुढचं तोंडातून निघत नाही. थांबा जरा.

गौरीचे बाबा फाईल धरून बाहेर बसले. आम्ही दोघी आत. डॉक्टर दुसरे होते. गौरी दारापासूनच रडत होती, मान ओरबाडत होती. डॉक्टरांनी विचारलं, नाव काय? आणि मी मनात म्हटलं, देवा, आज तिनं नाव सांगू नये. कुठली आई असं मागते? मी मागितलं.

गौरी माझ्याकडं आली आणि तिनं माझं मनगट धरलं.

मी हात काढून घेतला. पदराखाली घातला. तिनं दुसरा हात शोधला, तो पण मी पदराखाली घातला. दोन्ही हात पोटाशी दाबून, पदर घट्ट धरून बसले, आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले.

तिच्या मनात काय आलं ते मला बराबर माहीत आहे, कारण ते मीच शिकवलं होतं. नाव सांगितलं की हात येतो. तर तिनं नाव सांगितलं. डॉक्टरांना नाही, मला. तोंड वर करून, माझ्या डोळ्यांत बघून — ती कधी कुणाच्या डोळ्यांत बघत नाही हो! "गौरी." हात आला नाही. "गौरी. गौरी." माझ्या गुडघ्यांपुढं उभी राहून पदरावर थापा मारायला लागली. "गौरी, गौरी, गौरी," — आवाज चिरका होत गेला, तरी थांबेना. तिला वाटत असेल की आपण बराबर म्हणत नाही, म्हणून हात येत नाही. मग तिनं स्वतःचं मनगट चावलं, आणि उभ्या उभ्या तिची लघवी झाली.

डॉक्टरांनी विचारलं, सारखा एकच शब्द बोलते का?

"व्हय," मी म्हणाले, "एवढंच बोलते. मतलब काही न्हाई त्याचा."

हे मी म्हणाले, या तोंडानं.

त्यांनी लिहून घेतलं. सत्तर टक्के आले. बाहेर यांनी विचारलं, झालं का गं? मी म्हटलं, झालं. नळावर गौरीचे पाय धुतले, तो फ्रॉक काढून माझ्या जुन्या साडीचा तुकडा गुंडाळला, पिशवीत आधीच आणून ठेवलेला. मग हात पुढं केला तिच्या डोक्याकडं. तिनं डोकं बाजूला घेतलं.

सगळं मिळालं, खोटं काहून बोलू? यादीत नाव लागलं. मॅडम येतात दर गुरुवारी, चांगल्या आहेत, जीव लावतात. हिंगोलीला जाता-येता कंडक्टर गौरीचं कार्ड बघून सवलतीची तिकिटं देतो, तिचं आणि सोबतच्या माणसाचं. सोबतचं माणूस म्हणजे मी. ती खिडकीशी सरकून बसते, आमच्या दोघींच्या मध्ये पिशवी. आणि सत्तर टक्के काही खोटे नव्हते. तिला मदत लागतेच तेवढी, बघणाऱ्याला बसून बघायला वेळ असता तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं. सरकारला मी फसवलं असं मला वाटत नाही. मी गौरीला फसवलं. तिचा भरवसा एकाच माणसावर होता, आणि त्याच माणसानं दगा दिला. दोन वर्षं झाली, तिनं माझं मनगट धरलेलं नाही.

मागच्या गुरुवारी मॅडमनी मला शाळेत बोलावलं. खुशीत होत्या. म्हणाल्या, गौरी आता कुणीही विचारलं तरी नाव सांगते, बघा. त्यांनी विचारलं. गौरी पंख्याकडं बघत म्हणाली, "गौरी." आणि लगेच तिनं आपला उजवा हात उचलला, आपल्याच डोक्यावर ठेवला, दाबून, आणि तशीच उभी राहिली, श्वास खाली बसेपर्यंत.

"हे दरवेळी करते," मॅडम म्हणाल्या. "मी न्हाई शिकवलेलं. घरी कुणी शिकवलं का हो?"

मी पदर सारखा केला.

"न्हाई मॅडम," म्हणाले, "आमच्याकडं असं कुणीच करत न्हाई."