सुतळीचं माप

किशनरावांचा पाय हवेतच राहिला. ब्रेकचं नवं पायडल चार बोटं पुढं. फटफटी स्टँडवर होती म्हणून बरं, नाहीतर मालक सरळ पाथरीच्या बाजारात घुसले असते.

"सटव्या, हे काय करून ठेवलास रे?"

सटवाजी वेल्डरनं वाकून पायडल चाचपलं. चूक कुठं झाली ते त्याला पक्कं ठाऊक होतं आणि तेच बोलायची सोय नव्हती.

बैलानं पाडल्यापासून किशनरावांचा उजवा गुडघा वाकत नव्हता, फटफटीचा शौक मात्र सुटत नव्हता. ताठ पायाला पोचेल असं पायडल बाजारात मिळत नाही, बनवूनच घ्यावं लागतं. त्यासाठी माणूस सीटवर बसवायचा, टाच दाबून धरायची, मग टेप लावायचा. सटवाजी टेप घेऊन गेला तेव्हा मालक खाटेवर आडवे होते. "लांबच थांब," म्हणाले. त्यांच्या सालगड्यानं, अंगदनं, सुतळीनं पाय मोजला आणि सुतळी जमिनीवर टाकली. सटवाजीनं ती उचलली. खाटेवर पंजा सैल पडून लांब भरलेला पाय आणि सीटवर टाच रेटलेला पाय एक कसा असेल?

फटफटीला शिवलेलं चालतं, बरं का! चाक काढा, टाकी पुसा, काळ्या वंगणात कोपरापर्यंत हात घाला. पायाला तेवढा हात नको.

"पुन्हा चुकलं तर शेड मोकळं कर," किशनराव म्हणाले. जागा त्यांचीच. "डोस्क्यात नामांतर शिरल्यावर काम कुठं शिरतंय!"

सटवाजीचं गावाकडचं घर विद्यापीठाच्या नामांतराच्या जाळपोळीत राख झालेलं. हे टिनाचं राहतं शेड गेलं तर मशीन डोक्यावर घेऊन जायचं कुठं? पाय धरू द्या म्हणावं तर माजला म्हणणार. सुतळीवर करावं तर पुन्हा चुकणार.

"लोकं मोर्च्यात डोकी फोडून घ्यायलेत, आन् तुमी सुतळी मोजायलाव," बायको गीताबाई म्हणाली.

"मग तू कर जा वेल्डिंग."

"मी असते तर पाय कवाच धरला असता. मोडला बी असता!"

दुसऱ्या दिवशी अंगदनं मालकांना सीटवर चढवलं आणि सुतळी काढली.

"अंगदा, सर बाजूला." सटवाजी उकिडवा बसला आणि दोन्ही हातांनी त्यानं किशनरावांची टाच धरली. "रेटा मालक."

किशनराव लालबुंद. पाय ओढून घ्यावा तर वाकत नाही, उतरावं तर अंगदशिवाय उतरता येत नाही. अंगद लिंबाच्या झाडाकडं बघायला लागला.

"रेटा म्हणलं ना!"

किशनरावांनी रेटलं. सगळा भार सटवाजीच्या तळव्यावर आला. तिथंच त्यानं टेप लावला.

पायडल या वेळी बरोबर बसलं. मालक देवगाव फाट्यापर्यंत जाऊन आले, शेडसमोर कच्चकन ब्रेक मारला आणि सीटवरूनच हळू आवाजात म्हणाले, "शेड ऱ्हाऊ दे. पण पायाला हात लावला हे बाहेर फुटलं, तर त्याच दिवशी कुलूप."

महिनाभरात सोनपेठचा बन्सीधर आला. त्याचाही पाय अधू. "मालकाचं माप इतकं बराबर कसं घेतलंस रे?"

सटवाजीनं आत बघितलं. गीताबाई भाकरी थापायची थांबली होती.

"सुतळीनं," तो म्हणाला.

आत परात दणकन आपटली.

"तेच ऐकलं व्हतं," बन्सीधर खुशीत म्हणाला आणि घरूनच मोजून आणलेली सुतळी त्यानं लांबूनच सटवाजीपुढं टाकली.