डोळ्यांवरची काळी पट्टी

बेंगळुरूच्या आमच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेची मी सचिव झाले ती माझ्या भांडकुदळ स्वभावामुळे. सभेत कुणीतरी म्हणालं, ही सगळ्यात जास्त बोलते, हिलाच लिहायला बसवा. बसवलं. बसवनगुडीत एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमचं कार्यालय आहे. खाली हॉटेल, त्यामुळे आमच्या सगळ्या नैतिक चर्चांना सांबाराचा वास येतो. वाद फारच तापला की खालून कॉफी मागवायची, मग मंडळी स्वल्प मऊ होतात.

आणि सर. सर म्हणजे आम्हा सगळ्यांचेच सर. शहरात आज जो कोणी पेशंटला भूल देतो, तो एक तर त्यांच्या हाताखाली शिकलेला, नाहीतर त्यांच्या विद्यार्थ्याच्या हाताखाली. मूळचे बेळगावकडचे, माझ्यासारखेच. कौतुक करायचे ते कन्नडमध्ये, सगळ्यांसमोर. रागवायचे मात्र मराठीत, म्हणजे बाकीच्यांना कळायचं नाही. केवढा विचार करायचा माणूस! त्या वर्षी वार्षिक परिषदेत त्यांना जीवनगौरव द्यायचं ठरलं होतं आणि आम्हाला तर आपल्या घरचंच कार्य असल्यासारखं झालं होतं.

सरांचं एक व्याख्यान ठरलेलं असायचं. श्वासनळीत नळी घालणं अवघड असेल तेव्हा काय करायचं, हा विषय. त्यात एक फोटो यायचाच. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेली एक तरुण बाई. भाजलेली कातडी आकसून तिची हनुवटी छातीला चिकटलेली. तेव्हा आजच्यासारखी उपकरणं नव्हती. सरांनी तिला जागं ठेवून, नाकातून, नुसत्या श्वासाच्या आवाजाकडे कान लावून नळी घातली आणि तिचं ऑपरेशन होऊ शकलं. ती गोष्ट ऐकताना दर वर्षी माझ्या अंगावर काटा यायचा. पण गोष्टीच्या आधी सर फोटोकडे बोट दाखवून सभागृहाला विचारायचे, "या बाईंची मान कुठे आहे, सांगा पाहू?" सगळे हसायचे. दर वर्षी हसायचे. फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी होती. आमच्या धंद्यातली ती जुनी रीत: डोळ्यांवर पट्टी मारली की पेशंट कोण ते कळत नाही, असं आम्ही सगळे अगदी मनापासून मानत आलो.

त्या वर्षी परिषदेच्या काही महिने आधी झालेल्या व्याख्यानात एक मुलगी उठून बाहेर गेली. एमडीच्या शेवटच्या वर्षाची, होसकोटेची, चांगली हुशार. मला वाटलं, फोन आला असेल. आठवड्याभरात तिची तक्रार माझ्याकडे आली. फोटोतली बाई तिची आई होती.

माझा पहिला विचार, सांगायला हरकत नाही, सरांचाच होता: आता जीवनगौरवाचं काय? दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. सगळे सज्जन लोक. पोरीला समजाव, परीक्षा जवळ आलीय, परीक्षक कोण असतात ठाऊक आहे ना तुला. म्हणजे धमकी नाही हं, काळजी. अशी काळजी ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी एकाला सरळ सांगितलं, की तिच्या परीक्षेत काही कमीजास्त झालं तर पुढची तक्रार मीच करीन, आणि ती लांबलचक असेल.

मुलीला मी भेटायला बोलावलं. ती न रडता बोलली. तिला भरपाई नको होती, सरांची बेअब्रू नको होती. तो फोटो पुन्हा कुणी कुठे दाखवू नये, एवढंच. आणि आईला यातलं काही कळता कामा नये, असं तिने दोनदा बजावलं.

मग बैठक ठरवायची वेळ आली आणि आमची खरी पंचाईत झाली. संघटनेचा नियम असा, की ज्याचं प्रकरण चर्चेला असेल त्याने आणि त्याच्या जवळच्यांनी निर्णयात भाग घ्यायचा नाही, उठून बाहेर बसायचं. नियम कुणी केला? सरांनीच, अध्यक्ष असताना, आणि केवढे वाद घालून! आता तक्रारी बघणाऱ्या आमच्या समितीतला एकेक जण प्रामाणिकपणे म्हणू लागला, मी त्यांचा विद्यार्थी, मला उठायला हवं. दुसरा म्हणाला, मीही. तिसऱ्याच्या लग्नात सर मुलाकडून उभे होते. सगळे बाहेर व्हरांड्यात गेले असते तर आत निर्णय द्यायला फक्त पंखा उरला असता.

शेवटी बाहेरची माणसं आणली. हुबळीच्या शाखेतले एक डॉक्टर, ज्यांना सर फक्त नावाने माहीत होते, आणि जयनगरच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. सचिवाला मत नसतं, नुसतं लिहायचं असतं, म्हणून मला आत राहू दिलं. आयुष्यात प्रथमच मी एका बैठकीत तोंड बंद ठेवून बसले.

सर आले ते थोडे चिडूनच. मुलगी समोर बसली होती. ते म्हणाले, त्यांनी हजारो डॉक्टर घडवले ते या अशा फोटोंवरच, आणि नाव नाही, गाव नाही, डोळे झाकलेले, मग त्यात कुणाची ओळख कशी उघड झाली? तू तिची मुलगी म्हणून ओळखलंस, दुसरं कोण ओळखणार? खरं सांगते, त्या क्षणी मला ते पटलं. इतकी वर्षं तेच तर ऐकत आले होते.

मुलगी म्हणाली, "सर, ऑपरेशननंतरही आईच्या तोंडावरचे डाग गेले नाहीत. मला शाळेत सोडायला यायची तेव्हा ती पदर असा नाकावरून घ्यायची. लोकांना तिचे फक्त डोळे दिसायचे. तेवढेच ती दाखवायची. तुम्ही तिचे डोळे झाकलेत आणि तिने झाकलेलं सगळं उघडं ठेवलंत."

मी लिहायचं थांबवलं. सरांनी चष्मा काढला आणि नुसताच हातात धरून बसले. म्हातारे दिसले एकदम. मला त्यांची फार दया आली, आणि त्या पोरीचीही, आणि दोन्ही एकाच वेळी कशी यावी याचं नवल वाटलं.

फोटो बंद करायचा हे तर ठरल्यातच जमा होतं. नियमाप्रमाणे सर आणि मुलगी बाहेर जायला उठले आणि हुबळीचे डॉक्टर मला निर्णयाचा मजकूर सांगू लागले. तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, "पण त्या बाईंना कुणी विचारलंय का?"

मुलगी म्हणाली, आईला त्रास होईल. सर म्हणाले, कशाला तिला पुन्हा त्यात ओढायचं. पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. मुख्याध्यापिकाबाई शांतपणे म्हणाल्या, म्हणजे तेव्हाही विचारलं नव्हतं आणि आताही विचारायचं नाही, असंच ना? निर्णय त्या दोघांनी आईचं उत्तर येईपर्यंत पुढे ढकलला.

एका रविवारी आम्ही होसकोटेला गेलो. गाडी मी चालवत होते, सर शेजारी, मुलगी मागे. वाटेत तिने आईला फोन करून सगळं सांगितलं, अडखळत अडखळत. पलीकडून काय आलं कोण जाणे, तिने "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणून फोन ठेवला. सर रस्ताभर खिडकीबाहेर बघत होते. मी बोलत होते, अर्थात. गाड्यांवर, खड्ड्यांवर, कशावरही.

आई दारातच उभी होती. पदर खांद्यावर, चेहरा उघडा. तिने सरांना ओळखलं. म्हणाली, तुम्ही माझ्या कानाशी बोलत होता, श्वास घे अम्मा, श्वास घे. सरांना ते आठवत नव्हतं. त्यांना नळी आठवत होती.

तिने फोटो बघायला मागितला. सरांनी खिशातून पाकीट काढलं. त्यात मूळ फोटो होता, कॅमेऱ्याच्या फिल्मची छोटी स्लाइड, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली, वर काळी चिकटपट्टी. तिने ती खिडकीच्या उजेडात धरली. भाजल्यानंतर घरात कुणी तिचा फोटो काढला नव्हता. लग्नकार्यात फोटोची वेळ आली की ती स्वयंपाकघरात जायची. त्या वर्षांतला तिचा हा एवढाच फोटो. "डोळे का झाकले?" तिने कन्नडमध्ये विचारलं. "मी काय चोरी केली होती?"

सरांनी स्लाइड परत घेतली आणि नखाने ती पट्टी सोलायला लागले. जुना डिंक, निघेना. शेवटी मुलीनेच ती त्यांच्या हातून घेतली आणि हळूहळू सोडवली. खाली दोन डोळे निघाले, सरळ आपल्याकडे पाहणारे. मला रडू आवरलं नाही. आई नाही रडली. तिने स्लाइड पदराच्या टोकाने पुसली आणि म्हणाली, "हे आता माझ्याकडे राहू दे. मुलांना शिकवायला लागलं तर मला विचारा. मी सांगेन हो की नाही." मग आम्हाला उप्पीट खायला घातलं आणि सरांना परत वाढलं.

समितीने तिच्या म्हणण्याचाच नियम केला: पेशंटचा चेहरा त्याला विचारल्याशिवाय दाखवायचा नाही, पट्टी लावूनही नाही. ज्यांच्या ज्यांच्या लॅपटॉपमध्ये तो फोटो होता त्यांना तो काढायला सांगितलं, मीही माझ्यातला काढला. जीवनगौरवाला हरकत घ्यावी असं कुणालाच वाटलं नाही, मुलीलाही.

परिषदेत शाल-श्रीफळ झाल्यावर सर व्याख्यानाला उभे राहिले. मुलगी परीक्षा पास होऊन आली होती, पुढच्या रांगेत बसली होती. फोटोची जागा आली आणि पडदा कोरा राहिला.

"इथे एका बाईंचा फोटो असायचा," सर म्हणाले. "परवा मी त्यांना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, या वर्षी नको."

सभागृहाला वाटलं, सरांचा नेहमीसारखा विनोद आहे. सगळे हसले. सर माइकपाशी तसेच उभे राहिले. हसू विरेपर्यंत, मागच्या रांगेतला शेवटचा माणूस गप्प होईपर्यंत थांबले. मग कोऱ्या पडद्याकडे वळून त्यांनी त्या बाईंची गोष्ट, बाईंनीच फोनवर सांगितली तशी, तोंडाने सांगायला सुरुवात केली, ती कोणती साडी नेसून आली होती तिथपासून.