आषाढापर्यंत ठेवलेले आंबे

मिठाच्या चळवळीनंतरची दोनेक वर्षं मी रत्नागिरीत पत्रकं छापत असे. वय बावीस. एक पत्रक दलालांवर, एक सार्वजनिक विहिरीवर आणि एक आंब्याच्या वाहतुकीवर: करंड्या बोटीच्या बॉयलरशेजारी रचायच्या आणि मुंबईत माल सडका म्हणून फेकायचा, या धंद्यावर. ‘आंबा सडत नाही, सडवला जातो’ असा त्याचा मथळा होता. तो मथळा मला आजही मागे घ्यावासा वाटत नाही.

त्याच सुमारास एक इंग्रजी चोपडं माझ्या हाती आलं. फळावर मेणाचा पातळ हात फिरवला तर ते उशिरा पिकतं, उशिरा सुकतं, आणि ते मेण पोटात गेलं तरी बाधत नाही, असं त्यात लिहिलं होतं. मला संताप आला. ही गोष्ट इंग्रजीत छापायची आणि ज्याच्या दारात कलम आहे त्याला तिचा पत्ताही नाही! मी लगेच तिचं मराठी करायला बसलो.

पहिल्यांदा वाचून दाखवलं ते शेजारच्या काकींना. त्यांच्या मागीलदारी हापूसचं एकच कलम होतं. मुलगा बोटीवर खलाशी. तीन वर्षं तो यायचा तो दिवाळीच्या आगेमागे. या खेपेला पत्र आलं होतं की आषाढ लागता लागता पोचतो, किनाऱ्यावरच्या बोटी बंद असतील, म्हणून कोल्हापूरवरून मोटारीने येतो. काकींचा शेवटचा आंबा ज्येष्ठ लागला की उतरायचा. मध्ये जवळजवळ चार आठवडे.

“मुंबईत उतरल्यावर बाजारातला खाईल की,” मी म्हटलं.

“खाईल. पण तो काय आमच्या झाडाचा?” काकी म्हणाल्या. “तुझं ते मेण खरंच काम करतं, की नुसतं पत्रक आहे?”

हा टोमणा मला झोंबला. दुसऱ्या दिवशी मी मधाच्या पोळ्याचं मेण घेऊन त्यांच्या पडवीत हजर. खोबरेल घालून ते मंद विस्तवावर पातळ केलं आणि हाताला सोसेल इतपत निवल्यावर फडक्याने एकेका आंब्याला चोळलं. देठासकट चाळीस आंबे. काकी शेजारी बसून पुसून देत होत्या.

“मारुतीला शेंदूर फासतात तसं चाललंय तुझं. आता नारळ पण फोडायचा का?”

“हसा तुम्ही. आषाढात सांगा.”

“आषाढात तोच सांगेल. नाहीतर तुला बघून घेईन, मेल्या.”

आठ दिवसांनी मी डोकावलो. काकींनी टोपलीभर आंबे आतून आणून दाखवले. आंबे हिरवेगार, तुळतुळीत, एकावरही डाग नाही. एवढं मला पुरलं. मी पत्रक छापलं, ‘हापूस आषाढापर्यंत’, आणि पालीच्या बाजारात जाऊन स्वतः वाटलं. एकही आंबा कापून बघितला नव्हता. मला ती गरजच वाटली नाही. पत्रकाची सवय अशी की मथळा सुचला की काम झालंसं वाटतं.

मुलगा यायच्या आदल्या दिवशी काकींनी मला हाक मारली. माळ्यावर भाताच्या पेंढ्यात आंब्यांची आढी होती. पेंढा बाजूला केला. वरून अजूनही हिरवे, चकाकणारे. काकींनी एक कापला. आत गर पातळ, तपकिरी, आणि वास आंबलेल्या माडीचा, दारूसारखा. दुसरा तसाच. तिसरा तसाच.

“माडीच हवी होती तर ती विकत मिळते रे,” काकी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. तेच मला जड गेलं.

“पण काकी, तुम्ही आढी का घातलीत?”

“मग कुठे ठेवणार? आंबा उतरला की आढीत जातो.”

“पिकू नये म्हणून तर मेण लावलं होतं!”

“तुझ्या कागदात आढी घालू नका असं कुठे होतं?”

मी घरी जाऊन ते चोपडं काढलं. ‘फळ गार, मोकळ्या जागी ठेवावे’ ही ओळ त्यात होती. मराठी करताना ती मी गाळली होती. मुद्दाम नव्हे, बिनमहत्त्वाची वाटली म्हणून. मीही इथलाच. पेंढ्याची ऊब सोडून आंबा आणखी कुठे ठेवता येतो, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मेणाने कोंडलेला आणि वरून ऊब दिलेला आंबा आतल्या आत आंबला, इतकंच. दलालाला शिव्या द्यायची सोय नव्हती. हा आंबा मी सडवला होता.

परत गेलो तेव्हा काकी स्वयंपाकघरात पाण्याच्या माठाखालची ओली वाळू चाचपत होत्या. आढीत मावले नाहीत म्हणून चार आंबे त्यांनी तिथे टेकवून ठेवले होते आणि विसरल्या होत्या. साल जराशी सुरकुतलेली, देठाकडे पिवळी. आम्ही एकही कापला नाही. दोघांचीही हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी मुलगा आला. पाय धुऊन होतात न होतात तोच काकींनी आंबा हातात दिला. तो उभ्यानेच खाऊ लागला. मी दारात.

“कसा आहे?” मी विचारलं.

“जरा पांचट आहे.”

“पांचट तर पांचट,” काकी म्हणाल्या. “आपला आहे ना?”

त्याने मान हलवली. बाठा पांढरा पडेपर्यंत चोखला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

पुढच्या बाजाराला मी पालीला नवं पत्रक नेलं. त्यात तीनच ओळी होत्या. मेण लावलेल्या आंब्याची आढी घालू नये. ओल्या वाळूशी, गार जागी ठेवावा. चव थोडी उतरते.

“शेवटची ओळ काढ,” छापखानेवाले म्हणाले होते. “ती वाचून कोण मेण लावेल?”

मी ती काढली नाही. काकी लावणार होत्या. पुढल्या वर्षासाठी वाळूचं घमेलं त्यांनी कधीच भरून ठेवलं होतं.