कोतवाल बुकातलं वय

माझ्या मुलीचं वय मी तीन वर्षांनी कमी लिहिलं. शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात, माझ्याच वळणदार अक्षरात.

इंझोरीच्या पलीकडच्या एका खेड्यात मी मास्तर होतो. आमच्या वस्तीत पगाराची नोकरी मिळालेला पहिलाच, त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका. पोरं शाळेत घालायला येणाऱ्या आईबापांना जन्मतारीख ठाऊक नसायची. "पोयाच्या आगंमागं झाला जी," पोळ्याच्या सणाच्या एवढ्या खुणेवर मी एक जुलै ठोकून द्यायचो. अर्ध्या गावाचा वाढदिवस माझ्या कृपेनं एकाच दिवशी यायचा. पण माझ्या मुलीची तारीख मला पक्की ठाऊक होती. आठ पूर्ण झाली तरी ती पाचाची दिसायची. आज घालू, उद्या घालू करत मी तिला शाळेबाहेर ठेवलं होतं. शेवटी घातली, तेव्हा मास्तराची पोरगी वाढत नाही असं कुणी म्हणू नये म्हणून पाचच लिहिली. वाटलं, काढेल वर्षभरात उंची, मग कुणाला काय कळतंय! एवढा शिकलेला माणूस, आणि अक्कल ही अशी.

चौथीत असताना तिचं खरं वय बारा झालं, कागदावर नऊ. बाकीच्या आया फ्रॉक आखूड होतो म्हणून कटकट करायच्या. आमच्या मुलीला तीन वर्षांपूर्वीचा फ्रॉक बरोबर बसायचा आणि माझी बायको तो धुताना रडायची.

मंगरूळपीरच्या डॉक्टरांनी शाळेचा दाखला बघून नागपूरच्या एका मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. चिठ्ठीत अर्थातच वय नऊ. एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी गाठ असते, तीतून वाढीचा रस सुटतो आणि माणूस उंच होतो, असं मंगरूळपीरच्या डॉक्टरांनी मला समजावलं. बाहेरून तो रस मिळणं जवळजवळ अशक्य. परदेशात मेलेल्या माणसांच्या गाठींतून काढतात म्हणे. म्हणून नागपूरचे डॉक्टर वेगळी वाट धुंडाळत होते. काही औषधं पोटात गेली की ती गाठ स्वतःच रस सोडते. तो किती सुटतो आणि पोरं त्यानं वाढतात का, हे ते तपासत होते. त्यांना हवी होती वयाच्या फार मागं पडलेली मुलं.

घरी येऊन हे सांगितलं तशी बायको म्हणाली, "मंग खरं वय सांगा डाक्टरले."

"सरकारी रजिस्टर हाय ते. घरी बसवतीन मले."

"बसवू द्या. मी वावरात निंदाले जातो, तुमी बी या. तुमी कायले भेता? पोरगी वाढली पायजे."

मुलगी तिथंच सुपात तूर निवडत बसली होती. तिचा हात थांबला नाही.

आमच्याकडे जन्म झाला की गावचा कोतवाल तो आपल्या बुकात मांडायचा आणि ते बुक तहसिलीत जमा व्हायचं. तिथली तारीख खोडणं माझ्या हातात नव्हतं. मी तहसिलीतून तिच्या खऱ्या तारखेची नक्कल काढली, चार घड्या घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि मुलीला घेऊन नागपूर गाठलं.

लांबलचक खोलीत औषध घेतलेली मुलं निजली होती. दर अर्ध्या तासानं नर्स त्यांचं रक्त काढत होती. माझ्या मुलीनंही तिथं निजावं म्हणून माझा जीव तुटत होता. आपल्याच पोराला सुई टोचावी म्हणून कुणी बाप कधी असा तळमळला नसेल. दोन शिकाऊ डॉक्टर प्रत्येक कागद मागून घेऊन फाइलला लावत होते. नक्कल त्या फाइलला लागली की माझी खोटी नोंद उघडी पडणार, हे कळलं आणि माझा हात खिशाशीच राहिला.

डॉक्टरांनी मुलीच्या मनगटाचा एक्स-रे फोटो काढला, तो उजेडाकडे धरला आणि तिला विचारलं, "बाळ, वय काय तुझं?"

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नऊ," म्हणाली.

तोंड उघडायला मला तेवढाच क्षण मिळाला होता. मी नुसता उभा राहिलो.

"मग ठीक आहे गुरुजी. हाडंही नऊ वर्षांच्याच मुलीची आहेत. उंची जरा कमी आहे, पण भरून निघेल. आमचं औषध मोजकं आहे. ज्यांची हाडं वयाच्या मागं राहिलीत त्यांनाच देतो."

बारा वर्षांच्या मुलीची हाडं नऊवर अडली होती. नेमकं असंच मूल ते शोधत होते आणि ते त्यांच्या टेबलापुढे टाचा उंचावून उभं होतं. मी डॉक्टरांना नमस्कार केला. नमस्कार! आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

परतताना एसटीनं कारंजा गाव मागं टाकलं. मग खिडकीबाहेर बघतच तिनं विचारलं, "बाबा, आता तुमची नोकरी नाई न जानार?"

"नाही."

"मंग मी बराबर सांगतलं न?"

मी हो म्हणालो.