मदत नको, परतावा द्या

"तिकडे सवलती, इकडे रिफंड. तुम्हा लोकांना फुकटाची सवयच लागलीय."

हे वाक्य मी दुबईत ऐकलं. मराठीत. पगाराआधी कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या एसी ऑफिसात. बोलणारा तिथला मॅनेजर. आमच्या मराठी मंडळाचा पदाधिकारी, गणपतीत आरतीचं ताट पहिल्यांदा ह्याच्याच हातात. रांगेतल्या बाकीच्यांना मराठी कळत नव्हतं. मला कळत होतं. तेवढं त्याला पुरेसं होतं.

शेजारी माझी लेक उभी होती. आठ वर्षांची. फी थकली म्हणून शाळेने तिला घरी बसवलं होतं, म्हणून ती माझ्याबरोबर. तिने माझा हात ओढला.

"आई, व्हॉट इज सवलत?"

"घरी गेल्यावर सांगते," मी म्हटलं.

मंदी आली त्या वर्षी नवऱ्याची साइट बंद पडली. क्रेन तशाच उभ्या राहिल्या, माणसं घरी. मी एका कॉन्ट्रॅक्टरकडे अकाउंट्समध्ये. माझा पगार कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांनी. दुबईशेजारी अजमानला राहत होतो, त्या घराचं भाडं मात्र थांबत नव्हतं. तेव्हा मंडळाच्या कार्यक्रमात हाच माणूस आपणहून म्हणाला होता, "वहिनी, संकोच कसला? आपण आपलेच."

मी गेले. पगाराची स्लिप दाखवली. भाडं सांगितलं. पगार रखडतो, हेही सांगितलं. सगळं ऐकून, मान डोलावून त्याने कर्ज दिलं. मग सहज गप्पा मारल्यासारखं विचारलं, "आडनाव काय म्हणालात? मूळ गाव कुठलं? गावात कुठल्या बाजूला घर?"

तिसऱ्या प्रश्नाला मला कळलं. उत्तर दिलं मी. खोटं कशाला सांगू? त्या दिवसापासून वहिनीची मॅडम झाले. मंडळाच्या हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं बंद झालं. कर्जाची फी मात्र तो न चुकता घेत राहिला. पगार आला नाही की जुनं फेडायला नवं कर्ज, आणि प्रत्येक वेळी फी आधी कापून. मूळ रक्कम जागची हलायची नाही. शेवटी ऑफिसातून थकलेला पगार मिळाला तेव्हा एकरकमी भरून टाकलं.

नवरा म्हणायचा, इथे सगळे इंडियन, पासपोर्ट सगळ्यांचा सारखा. मीही तेच धरून बसले होते. समुद्र ओलांडला, सुटलो असं वाटलं होतं. किती भाबडे होतो आम्ही!

रिफंडचं मला ऑफिसातल्या केरळी सहकाऱ्याने सांगितलं. "दीदी, वापस माँगो. उनको मालूम था आपसे नहीं होगा, फिर भी दिया." झेपणार नाही हे माहीत असून कर्ज दिलं, तर घेतलेली फी परत मागता येते म्हणे. त्याने भांडून स्वतःचे मिळवले होते. माझ्या फीचे अठराशे दिरहम निघत होते. म्हणजे तेवीस हजार रुपये. जवळजवळ तेवढीच लेकीची फी थकली होती. ते पैसे मिळाले असते तर ती परत वर्गात बसली असती. म्हणून मी त्या काउंटरसमोर उभी होते.

मी म्हटलं, "सवलत मागत नाहीये. तुम्ही घेतलेले माझे पैसे मागतेय." आवाज कापत होता. कापू दे.

तो माझ्या डोक्यावरून मागे बघत म्हणाला, "नेक्स्ट, प्लीज."

बसमध्ये लेकीने पुन्हा तेच विचारलं. घरी आल्यावर तिला समोर बसवलं आणि सांगितलं. तुझ्या आजोबांना शाळेत पाण्याच्या माठाला शिवू देत नव्हते. मास्तर वरून ओंजळीत पाणी ओतायचे, मास्तरांची मर्जी असेल तेव्हा. पिढ्यान्‌पिढ्या हेच. सवलत म्हणजे त्या सगळ्याची थोडीशी भरपाई.

ती म्हणाली, "बट दॅट्स नॉट फ्री."

"नाही बाळा. फुकट नाही."

नवरा चिडला. "तिला कशाला सांगितलंस? एवढ्यासाठीच तर आलो ना इथे?" मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्याचं चुकलं असं मला म्हणवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. रागाने नाही. आठ वर्षं जे तिच्यापासून लांब ठेवलं, ते माझ्याच हाताने द्यावं लागलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सरकारी कार्यालयात लेखी तक्रार दिली. आठवडाभरात त्याचा फोन आला. पुन्हा वहिनी झाले होते.

"वहिनी, अठराशेच्या अठराशे देतो. मंडळाच्या मदतनिधीतून. महाराष्ट्र दिनाला स्टेजवर पाकीट देऊ, एक फोटो. मदत मिळाली, तक्रार नाही, एवढी सही करा."

पूर्ण रक्कम. समोर लेक जुन्या वह्यांत गणितं सोडवत बसली होती.

"मदत शब्द काढा," मी म्हटलं. "परतावा लिहा. कंपनीतून माझ्या खात्यात भरा. आत्ता येऊन सही करते."

"शब्दात काय आहे, वहिनी?"

"काही नसेल तर बदला."

त्याने फोन ठेवला.

शाळेने लेकीचं नाव पटावरून काढून टाकलं. नवऱ्याचा व्हिसा संपत आला होता. तो लेकीला घेऊन नांदेडला गेला. विमानतळावर ती रडली नाही, मीच रडले. घर सोडलं. आता एका खोलीत चौघीजणी राहतो, माझा एक पलंग आहे. ती तिकडे नव्या शाळेत जाते. फोनवर मराठी अडखळत बोलते.

तक्रारीचं विचारायला मी जाते. तिथला माणूस सभ्य आहे. "इन्शाल्ला, सिस्टर," म्हणतो. मंडळातल्या दोघीतिघींनी निरोप पाठवला, घेऊन टाक ना पाकीट, लेकीला परत आणता येईल. त्यांना वाटतं, मला लेक नकोशी झालीय. रात्र रात्र तिचा आवाज कानात असतो, हे त्यांना कुठून कळणार?

पण स्टेजवर हात पसरलेला माझा फोटो दाखवून मी तिला शाळेत बसवणार नाही. पैसे माझे आहेत. लेक लांब गेली, घर गेलं. सही अजून माझ्याकडे आहे. ती मी देणार नाही.