नाइसवाले साडू

आमच्या थोरल्या साडूंइतका एका शब्दावर जीव जडलेला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात झाला नाही, हे मी अभिमानाने सांगत आलो. त्यापुढची हकीकत मात्र बरीच वर्षं टाळली. ते येलदरीच्या शाळेत इंग्रजी शिकवत. शब्द होता ‘नाइस’. कुणाच्या तोंडून तो निघाला की ते त्याला बसवूनच घेत. लॅटिनमध्ये मूळ अर्थ ‘काही न जाणणारा’; फ्रेंचांकडून इंग्रजीत आला तो ‘मूर्ख’ म्हणून; मग लाजाळू झाला, चोखंदळ झाला, नाजूक झाला आणि म्हातारपणी कुठे ‘छान’ झाला. “एवढा सुधारलेला इसम आपल्या तालुक्यात दाखवा,” असं ते म्हणत. देवगाव फाट्यावर कंडक्टरला हे सांगताना त्यांनी बस अडवून धरली, तेव्हा मागून एक आजी म्हणाल्या, “मास्तर, त्याला लवकर छान करा अन् आमाला जिंतूरला जाऊ द्या.” ते हसले, पण ‘नाजूक’ पुरा करूनच उतरले.

मी जिंतूरला मुख्याध्यापक. आमच्या स्नेहसंमेलनात एकदा माइकवरून हे सगळं सांगावं, एवढीच त्यांची इच्छा. मी शब्द दिला. ते कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. पण समोर बडे पाहुणे बसलेले पाहून मलाच लाज वाटली. आमच्याकडे कुणाला बोलू द्यायचं नसलं की त्याचा सत्कार करतात. ते माइककडे निघाले, तोच मी पुढे झालो. खांद्यावर शाल, गळ्यात हार, हातात नारळ. टाळ्या वाजल्या. माइककडे एकदा बघून ते खाली उतरले. घरी बायकोला म्हणाले, “भाषण काय, कुणीबी करतंय. साडूभाऊनं माझा सत्कार केला.”

आज येलदरीच्या धरणावर मासे धरणारे त्यांचे विद्यार्थीसुद्धा ‘नाइस’ची वंशावळ घडाघडा म्हणतात. ऐकून माझा ऊर भरून येतो, आणि मान खाली जाते.

गेल्या हिवाळ्यात माफी मागायलाच गेलो होतो. ओसरीवर दोघंच होतो. “त्या संमेलनाचं...” मी सुरुवात केली. ते उठले, आतून तीच शाल घेऊन आले आणि माझ्या खांद्यावर टाकली.

“लय गार सुटलंय, साडूभाऊ.”

मीही त्यांच्यासारखाच गप्प खाली उतरलो. उन्हाळ्यात ते गेले. शाल माझ्याकडेच आहे. माफी मागायची राहिली.