समोरच्याचा कागद

तिने त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते रागाने. छापखान्याच्या बांधणी विभागात, जेवणाच्या सुट्टीत ती मामाचं पत्र वाचत होती. बाकाच्या पलीकडून आवाज आला, "स्थळाचं सगळं लिहिलंय, वय तेवढं गाळलंय. विचारून घ्या."

"दुसऱ्याची पत्रं वाचता? लाज नाही वाटत?"

"सवय हो. दिवसभर छपाईचे खिळे जुळवतो. उलटी अक्षरंच मला सरळ दिसतात."

बांधणीतल्या बायका त्यांना उलटेराव म्हणत. मामाला तिने नकार कळवला आणि वर्षभरात उलटेरावांशीच लग्न केलं.

तेव्हा मुलूख परक्यांच्या ताब्यात होता. उलटेराव कामगार संघटनेचे अध्यक्ष, ती बायकांची प्रतिनिधी. तिला सातवा महिना लागला असताना सरकारी अधिकाऱ्याने दोघांना बोलणी करायला बोलावलं. मागणी साधीच, बांधणीत पिण्याच्या पाण्याचा नळ. मध्येच ते तिच्याकडे वळले.

"अगं, चुलीवर दूध ठेवून आलीस ना? ऊठ, जा घरी."

घरात सहा महिने दुधाचा थेंब नव्हता. ती मुकाट्याने उठली. दारापर्यंत सोडायला आल्यासारखं करून ते पुटपुटले, "साहेबापुढे संध्याकाळच्या अटकेची यादी आहे. पाच नावं. आपल्या दोघांचीही." उरलेली तीन नावं सांगून ते परत खुर्चीत जाऊन बसले.

दीड तास ते नळावरून भांडले. तेवढ्यात तिने तिघांना गाठलं आणि चौघं गावाबाहेर पडली. नळ मंजूर झाला. सहीची शाई वाळायच्या आत उलटेरावांना बेड्या पडल्या, चार वर्षांसाठी. मुलगी जन्मली ती परक्या घरात, आईचं नाव खोटं असताना.

पुढे परके गेले. लाल झेंड्याखाली उलटेराव दोनदा विधानसभेवर निवडून आले. त्यांच्यासमोर बसताना मंत्री कागद पालथे घालत. तिसऱ्यांदा सपाटून पडले आणि सोमवारी पुन्हा खिळे जुळवायला गेले.

तिच्या मनातला त्या दिवसाचा सल मात्र तसाच होता. चाळीस वर्षांनी भाजी निवडताना तिने विचारलंच, "खरं सांगा, तुम्हाला निसटता आलं असतं का?"

"आलं असतं. मागे जिना होता."

"मग?"

"नळ राहिला असता ना."

"नळाचं मला नका सांगू!"

ते शेंगा सोलत राहिले. मग म्हणाले, "मी उठलो असतो तर साहेबही उठला असता. आणि तू तेव्हा किती हळू चालायचीस."

चाकवताची जुडी तिने पुन्हा एकदा निवडली.

आता उलटेरावांना मोठी अक्षरंही दिसत नाहीत. रोज सकाळी ती समोर बसून त्यांना अख्खा पेपर वाचून दाखवते.